बावन्नातले पन्नास

नोकरीला लागलो तेव्हा माझ्या टेबलावर टी-स्क्वेअर, दोन सेटस्क्वेअर, फ्रेंच कर्व्हचा संच आणि अर्धं ब्लेड होतं. अर्धं ब्लेड हे आरेखकाचं खरं हत्यार. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली की ब्लेडच्या टोकानं ती हलकेच खरवडायची, वरून नखाची पाठ घासून कागद गुळगुळीत करायचा आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढची रेघ मारायची. तेहेतीस वर्षं मी सरकारी कचेरीत कालव्यांचे छेद, मोऱ्या आणि सांडवे काढले. त्यातली एकही रेघ माझी नव्हती.

म्हणून गेल्या वर्षी पाडव्यानंतरच्या सोमवारी भाचीनं मला तिच्या गटात ओढलं, तेव्हा पहिला नियम ऐकूनच मी चरकलो. खोडायचं नाही. चुकलेली रेघ तशीच ठेवून तिच्यातून पुढे जायचं. बाकी मामला सोपा होता. आम्ही अकरा जण. दर सोमवारी सकाळी एकानं विषय द्यायचा, सगळ्यांनी रविवार रात्रीपर्यंत एका लहानशा चौकोनात शाईनं नक्षी भरायची. नंबर नाही, बक्षीस नाही. दुसऱ्याच्या चौकोनावर 'छान' सोडून काहीतरी बोलायचं, एवढीच अट. ती पाळणं नक्षीपेक्षा अवघड गेलं.

या प्रकाराचं मूळ अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये. मारिया थॉमस ही सुलेखनकार आणि तिचा जोडीदार रिक रॉबर्ट्स यांनी वीसेक वर्षांपूर्वी त्याला झेंटँगल असं नाव दिलं. साडेतीन इंचांचा चौकोनी कागद. कोपऱ्यांत पेन्सिलीचे चार ठिपके, ते जोडून सैलसर चौकट, आत वेडीवाकडी एक रेघ. तिला ते 'दोरा' म्हणतात. दोऱ्यानं पाडलेल्या कप्प्यांत शाईनं एकेक नक्षी भरायची आणि शेवटी पेन्सिलीनं सावली द्यायची. सुरुवातीला आणि शेवटी कृतज्ञतेचा क्षणही सांगितलेला आहे. तो मी चहा पिण्यात घालवला. नावाचं रीतसर ट्रेडमार्क आहे, शिकवणाऱ्यांना प्रमाणपत्र मिळतं, खास कागदही विकत मिळतो. तो महागडा कागद काही मी घेतला नाही. २२ बाय ३० इंचांच्या एका कार्ट्रिज शीटमधून नऊ सेंटिमीटरचे अठ्ठेचाळीस चौकोन निघतात, हा हिशेब जुन्या सवयीनं आधीच झाला होता.

पहिल्याच आठवड्यात मी ब्लेड चालवलं. तीन दिवस कुणाला कळलं नाही. कार्ट्रिज हा काही ट्रेसिंग पेपर नव्हे; खरवडल्या जागी तो लोकरीसारखा पिंजला आणि पुढची शाई तिथे फुटली. भाचीनं फोटो मोठा करून पाहिला आणि एवढंच विचारलं, "मामा, ब्लेड कुठे ठेवलंय?" ते तेव्हापासून मामीच्या शिवणाच्या डब्यात आहे.

दुसरी फजिती होलीबॉची. ही अगदी सोपी नक्षी. दोन समांतर रेघांची एक पट्टी काढायची, मग दुसरी पट्टी तिच्या मागून जातेय असं दाखवायचं. म्हणजे पहिल्या पट्टीपाशी रेघ थांबवायची आणि पलीकडून पुन्हा सुरू करायची. बस्स. माझ्या हातानं मात्र मागे गेलेली पट्टी पुढच्या पट्टीच्या पोटातून तुटक रेघांनी पुरी केली. आमच्या शास्त्रात लपलेली कड तुटक रेघेनं दाखवायचीच असते. न दाखवली तर साइटवर मोरीची जाडी चुकते. गटात सगळ्यांना वाटलं, मी नवीनच काहीतरी केलं. एकीनं लिहिलं, "तुमच्या पट्ट्या काचेच्या आहेत." तेहेतीस वर्षांत माझ्या ड्रॉइंगवर कुणी असलं काही बोललं नव्हतं.

पॅरॅडॉक्स मात्र माझ्यासारख्यासाठीच केलेली. चौकोनाच्या एका कोपऱ्यापासून शेजारच्या कोपऱ्याच्या किंचित आत सरळ रेघ मारायची, कागद फिरवायचा, जिथे थांबलो तिथून पुढच्या कडेकडे तशीच रेघ. असं फिरत फिरत आत जायचं. एकही वक्र रेघ नाही, आणि शेवटी शंखासारखा पीळ पडतो. ज्येष्ठात मी ओळीनं चार आठवडे, विषय काहीही असो, कुठल्यातरी कप्प्यात पॅरॅडॉक्स घुसवला. शेवटी सोमवारच्या विषयातच 'पॅरॅडॉक्स सोडून' असं आलं.

आषाढ-श्रावणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कागद सर्दावला होता आणि शाई फुटत होती. एक आठवडा मी चक्क बुडवला.

भाद्रपदात नागपूरच्या एका शिक्षिकेनं विषय दिला, 'आजीची रांगोळी'. मला आईची आठवली. तिच्याकडे ठिपक्यांचा कागद होता. जाड पुठ्ठ्यासारख्या कागदाला पेटत्या उदबत्तीनं भोकं पाडलेली, प्रत्येक भोकाची कड तपकिरी. सारवलेल्या अंगणात तो पसरायचा, वरून रांगोळी फिरवायची, अलगद उचलायचा. तेरा ते सात ठिपके, म्हणजे मधली ओळ तेराची आणि दोन्हीकडे एकेक कमी होत सातपर्यंत. चौकोनावर सहा-सहा मिलिमीटरवर ते मांडताना पहिल्यांदाच मोजले: एकशे सत्तावीस. आईनं ते कधी मोजले नसणार. मोजायची गरज पडू नये म्हणूनच तर कागद होता.

त्याच आठवड्यात गटातल्या, मूळच्या मदुराईच्या बाईंनी सिक्कू कोलम काढलं. आपली रांगोळी ठिपके जोडते, त्यांची रेघ ठिपक्यांना वळसे घालत, एकाही ठिपक्याला न शिवता, निघाली तिथे परत येते. सिक्कू म्हणजे गुंता, असं त्यांनी सांगितलं. टँगल म्हणजेही तेच. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातल्या गिफ्ट सिरोमनींनी तर सहकाऱ्यांबरोबर या कोलमांचं व्याकरणच मांडलं; १९७४ सालचा त्यांचा निबंध संगणकशास्त्रातला आहे. मला एवढंच म्हणायचंय की अंगणात उकिडवं बसून बायकांनी रोज पहाटे केलेल्या कामाला 'छंद' म्हणायचं आपल्याला सुचलं नाही.

कार्तिकात डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि आणखी एक आठवडा गेला. हिरवी पट्टी निघाल्यावर मी पहिल्यांदा चौकोनांचा डबा उघडला. उजव्या डोळ्यानं पाहिलं तर कागद जुन्या दस्तासारखा पिवळट, डाव्यानं पाहिलं तर नीळ दिलेल्या धोतरासारखा. कागद तोच. आणि सावल्या! आठ महिने भाची म्हणत होती, "मामा, शेडिंग जरा जास्त होतंय." मी ती माझी शैली समजत होतो. डाव्या डोळ्यानं पाहिल्यावर दिसलं की मी कोळसाच फासला होता.

यानं मन शांत होतं का, असं लोक विचारतात. माझा रक्तदाब होता तिथेच आहे. प्लिमथ विद्यापीठातल्या जॅकी अँड्रेड यांचा २००९ सालचा एक प्रयोग गटात सारखा फिरतो. चाळीस जणांना फोनवरचा कंटाळवाणा निरोप ऐकवला; ऐकताना कागदावरचे आकार रंगवत बसलेल्यांना त्यातलं २९ टक्के जास्त आठवलं. पण तो स्मरणाचा प्रयोग, शांततेचा नव्हे, आणि आकार आधीच छापलेले होते. माझ्यापुरतं सांगायचं तर चार वाजता टीव्हीवरची भांडणं बंद झाली आणि त्या वेळात मी फक्त पुढची एक रेघ कुठे जाईल एवढंच बघू लागलो. ती चुकली तर धरण फुटत नाही.

फाल्गुनात डबा भरला. बावन्न आठवड्यांतले पन्नास चौकोन, म्हणजे दुसऱ्या शीटमधले दोनच लागले. गटाचं दुसरं वर्ष सुरू झालं तेव्हा पहिल्या सोमवारी विषय देण्याची पाळी माझी होती. मी दिला, 'लपलेल्या रेषा, तुटक काढाव्यात'.

साडेआठपर्यंत तिघांचे फोन आले. तुटक म्हणजे किती तुटक? मी सांगितलं, तीन मिलिमीटर रेघ, एक मिलिमीटर जागा, आणि कोपऱ्यावर रेघच यायला हवी, जागा नव्हे. मदुराईच्या बाईंनी विचारलं, जागा आली तर? मी म्हटलं, तर येऊ द्या.