लक्षणांचं जाळं : नैराश्याकडे बघण्याची एक वेगळी रीत

सुरुवात मलेरियापासून करू. डास चावतो, रक्तात परजीवी शिरतो आणि मग थंडी, ताप, डोकेदुखी. कारण एक, लक्षणं अनेक. औषधाने परजीवी मेला की लक्षणंही जातात. नैराश्याचंही असंच असेल असं आपण धरून चालतो. आत कुठेतरी 'नैराश्य' नावाची वस्तू आहे आणि तीच झोप उडवते, भूक मारते. पण मलेरिया रक्तात सापडतो, तशी नैराश्याची रक्ततपासणी आजही नाही.

निदान होतं ते लक्षणं मोजून. डीएसएम-५ या अमेरिकी पुस्तकात नैराश्याची नऊ लक्षणं आहेत. त्यातली किमान पाच, दोन आठवडे हवीत आणि त्यात उदासी किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक असायलाच हवं. आता गणित करून बघा. दोन रुग्णांत फक्त एकच लक्षण सारखं असू शकतं! आयको फ्राइड आणि रँडॉल्फ नेसी यांनी २०१५ मध्ये ३७०३ रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा लक्षणांचे १०३० वेगवेगळे संच निघाले. मग आजार एक की अनेक?

ॲमस्टरडॅम विद्यापीठातले डेनी बोर्सबूम आणि त्यांचे सहकारी म्हणतात, लक्षणांमागे एकच कारण शोधू नका, लक्षणंच एकमेकांना ओढतात. समजा, एखाद्याची नोकरी गेली. काळजीने झोप उडाली. झोप नाही म्हणून थकवा, थकव्याने कामात लक्ष नाही, त्यातून स्वतःलाच दोष देणं आणि पुन्हा काळजी. हे चक्र एकदा पक्कं झालं की नोकरी परत मिळाली तरी ते फिरत राहतं. घरचे मात्र म्हणतात, "आता तर सगळं ठीक आहे ना, मग काय झालंय तुला?" हा प्रश्न किती चुकीच्या जागी आहे ते जाळं बघितलं की कळतं.

जाळं काढायचं कसं? प्रत्येक लक्षण म्हणजे एक बिंदू. दोन बिंदूंमध्ये रेषा कधी, तर बाकी सगळ्या लक्षणांचा परिणाम वजा करूनही त्या दोघांचा संबंध उरला तर. थकवा आणि एकाग्रता यांचा संबंध निव्वळ अपुऱ्या झोपेमुळे दिसत असेल, तर ती रेषा गळून पडते. संबंध जितका घट्ट, तितकी रेषा जाड. जोडीदार गमावलेल्या वृद्धांच्या एका अभ्यासात असं दिसलं, की त्या दुःखाचा थेट फटका मुख्यतः एकटेपणाला बसतो आणि बाकीची लक्षणं एकटेपणातून पेटतात.

पण जरा जपून. एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून काढलेल्या रेषेला बाण नसतो. कोण कोणाला ओढतंय ते त्यातून कळत नाही. शिवाय एका गटाचं जाळं दुसऱ्या गटात तसंच निघेल का, यावर संशोधकांत चांगलीच जुंपली आहे. म्हणून आता काही जण एकाच व्यक्तीला मोबाइलवर दिवसातून अनेकदा प्रश्न विचारून तिचं स्वतःचं जाळं काढतात. मला ही वाट जास्त पटते.

एक बिंदू हलवला तर बाकीचे हलतात का? ब्रिटनमधल्या २६ विद्यापीठांतल्या ३७५५ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उपचार केला तो फक्त निद्रानाशावर, तोही ऑनलाइन. झोप सुधारली, आणि तिच्याबरोबर नैराश्य, चिंता आणि इतरांविषयीचा अवाजवी संशयही कमी झाला.