सणासुदीची संध्याकाळ आणि परतीचा प्रवास

दसरा, दिवाळी, संक्रांत किंवा एखादी जोडून आलेली सुटी असली की आदिलाबाद शहरातील बाजारपेठ सायंकाळी फुलून जाते. जैनथ, बेला, गुडीहतनूर, इंद्रवेल्ली या भागांतील कुटुंबे खरेदीसाठी, चित्रपटासाठी किंवा केवळ रोषणाई पाहण्यासाठी जिल्ह्याच्या या मुख्य ठिकाणी येतात. अशा वेळी स्वतःच्या वाहनाने जावे की बसने, हा प्रश्न घरोघर निघतो. त्याचे उत्तर बहुधा जाण्याच्या सोयीवरून दिले जाते. वास्तविक ते परतीच्या प्रवासावरून ठरविणे अधिक हिताचे होय.

या प्रदेशात सार्वजनिक बससेवेची परंपरा जुनी आहे. निजाम राजवटीत 1932 साली 27 गाड्यांनिशी सरकारी मोटार वाहतूक सुरू झाली. 1958 साली तिचे आंध्र प्रदेश राज्य मार्ग परिवहन महामंडळात रूपांतर झाले आणि राज्यविभाजनानंतर तेलंगणाचे स्वतंत्र महामंडळ अस्तित्वात आले. खेडोपाडी धावणाऱ्या त्याच्या साध्या गाड्यांना ‘पल्ले वेलुगु’, म्हणजे गावाचा उजेड, असे नाव आहे. 9 डिसेंबर 2023 पासून महालक्ष्मी योजनेखाली तेलंगणातील महिला, मुली व तृतीयपंथी व्यक्तींना साध्या व एक्स्प्रेस गाड्यांतून राज्याच्या हद्दीत विनामूल्य प्रवास करता येतो. त्यासाठी राज्यातील पत्ता असलेले ओळखपत्र वाहकास दाखवून ‘शून्य तिकीट’ घेणे आवश्यक असते.

खर्चाचा हिशेब

जैनथ हे आदिलाबादपासून सुमारे 20 किलोमीटरवर आहे. तेथील पती, पत्नी, सासू आणि शाळकरी मुलगी असे चौघांचे कुटुंब बसने निघाले, तर भाडे एकट्या पतीचेच पडते. हेच कुटुंब मोटारसायकलीने निघाल्यास दोन मोटारसायकली लागतात, कारण कायद्याने चालकामागे एकालाच बसता येते. जाऊन येऊन प्रत्येकी 40 किलोमीटर, म्हणजे एकूण 80 किलोमीटरला दीड लिटरहून अधिक पेट्रोल जळते. भाव लिटरला 100 रुपये धरला तरी हा खर्च 160 रुपयांच्या घरात जातो. मोटारगाडीने गेल्यास तो 270 रुपयांच्या आसपास होतो आणि गर्दीच्या बाजारात ती उभी करण्यास जागा शोधण्याचे काम वेगळेच. एकटा पुरुष मोटारसायकलीने निघाल्यास मात्र हा फरक फारसा उरत नाही.

सीमेपलीकडून, विशेषतः किनवट व पांढरकवडा या बाजूंनी, येणाऱ्यांनी एक भेद ध्यानात ठेवावा. महाराष्ट्राच्या एस. टी. गाड्यांत महिलांना 17 मार्च 2023 पासून असलेली निम्म्या भाड्याची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच आहे. पुढील टप्प्याचे भाडे पूर्ण पडते. महालक्ष्मी योजनेचा लाभ त्यांना मिळत नाही. मुदखेड-आदिलाबाद-माजरी लोहमार्गावरील गाड्या मोजक्या असून सायंकाळच्या फेरफटक्यास त्यांचा उपयोग बेताचाच.

रात्रीचा रस्ता

बसची खरी उणीव वेळेची आहे. आतील गावांकडे जाणारी शेवटची गाडी पुष्कळदा लवकर सुटते आणि सणाच्या दिवशी तिला गर्दीही असते. स्वतःचे वाहन असले म्हणजे हे बंधन राहत नाही. मात्र या सोयीची किंमत रात्रीच्या रस्त्यावर मोजावी लागू शकते. राष्ट्रीय महामार्ग 44 वर मालमोटारींची रहदारी रात्रीही चालू असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापसाचा हंगाम सुरू होतो. मागे दिवा नसलेली कापसाची बैलगाडी किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली अंधारात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर अंतर कापते. अडथळा दिसून ब्रेक दाबेपर्यंत एवढे अंतर सहज निघून जाते आणि कोरड्या रस्त्यावरही वाहन पूर्ण थांबण्यास एकंदर 35 ते 40 मीटर लागतात. दिवसभराच्या शिणाने डोळे जड झाले असतील, तर हे अंतर आणखी वाढते.

मद्यप्राशनाने धोका कितीतरी पटींनी वाढतो. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्याच अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा 10,000 रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. चार वर्षांवरील प्रत्येकास, मागे बसणाऱ्यासही, दुचाकीवर शिरस्त्राण सक्तीचे आहे. तरीही सणाच्या रात्री एकाच मोटारसायकलीवर आई-वडील व दोन मुले दिसतात. त्यांतील लहानग्यांना ना शिरस्त्राण असते, ना धरावयास आधार. अपघात झाल्यास सर्वांत मोठी इजा त्यांनाच होण्याचा संभव असतो.

मधला मार्ग

घरातून निघण्यापूर्वी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ बसस्थानकावर किंवा वाहकाकडे विचारून घ्यावी आणि तीवरून निघण्याची वेळ ठरवावी. दुपारीच निघाल्यास खरेदी उजेडी आटोपते आणि रोषणाई पाहूनही गाडी गाठता येते. सणानिमित्त सोडलेल्या खास गाड्यांचे भाडे अधिक असू शकते; तेही आधी विचारून घेणे बरे. ज्यांच्या गावी सायंकाळनंतर बस जात नाही, त्यांनी मोटारसायकल मुख्य रस्त्यावरील गावात ओळखीच्या घरी ठेवून पुढे बसने जावे. त्यामुळे महामार्गावरील रात्रीचा प्रवास तरी टळतो. स्वतःच्या वाहनाशिवाय गत्यंतरच नसेल, तर चालकाने मद्यास स्पर्श करू नये, दिवे तपासून घ्यावेत आणि उशीर झाल्यास शहरातच नातलगांकडे मुक्काम करावा. घरी पोहोचण्यास सकाळ झाली तरी त्यात काही बिघडत नाही.