अर्ज लिहिण्याआधी घटकाभर बसा

तहसील कचेरीच्या आवारात झाडाखाली टेबल मांडून बसलेला अर्ज लिहिणारा तुम्ही पाहिलाच असेल. त्याच्यापुढे माणूस बसतो आणि आजोबांच्या काळापासून सांगू लागतो. बांध कुणी कोरला, भाऊबंद कसा फिरला, तलाठी किती वेळा भेटला नाही. लिहिणारा मान डोलावत सगळे उतरवून घेतो. दोन पाने भरतात. पण साहेबाने नेमके काय करायचे, ते त्या दोन पानांत कुठेच सापडत नाही!

मंडळी, पेरणीआधी आपण वाफसा पाहतो. कागदावर मात्र राग आला की पेन चालू लागते. म्हणून लिहायला बसण्याआधी स्वतःला एवढेच विचारा: या कचेरीने माझ्यासाठी काय करावे? त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नसेल तर लिहायची वेळ अजून आलेली नाही.

सातबाराचेच घ्या. समजा, जुन्या हाती लिहिलेल्या उताऱ्यावर क्षेत्र ०.८१ हेक्टर आहे आणि संगणकाच्या उताऱ्यावर ०.१८ पडले. आकडे उलटे झाले आणि दोन एकरांचे अठरा गुंठे झाले! पीककर्ज क्षेत्र पाहून मिळते, तेव्हा ही चूक लहान नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली असा हस्तदोष दुरुस्त करून मिळतो. अर्जात गट नंबर, खाते नंबर, चुकीचा आकडा, बरोबर आकडा लिहा आणि तो बरोबर असल्याचे दाखवणारा जुना उतारा किंवा फेरफार जोडा. अर्धे पान पुरते.

पण त्याच अर्जात तुम्ही ‘चुलतभावाने संगनमत करून माझी जमीन लाटली’ असे घातलेत की अर्जाचा रंगच पालटतो. हस्तदोष बाजूला राहतो आणि हक्काचा वाद दिसू लागतो. हक्काचे वाद मिटवायला कलम १५५ नाही. मग चुलतभावाचे म्हणणे ऐका, तारखा पाडा, असे सुरू होते. जे काम कागद पाहून व्हायचे, ते भांडणात अडकते. चुलतभावाविषयी खरोखर काही गाऱ्हाणे असेल तर त्याचा कागद वेगळा आणि वाटही वेगळी.

विचार करा म्हणजे उशीर करा, असे मात्र नव्हे. खरेदीची किंवा वारसाची नोंद धरली की फेरफाराची नोटीस निघते आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. दोन रात्री विचार करायला हरकत नाही. दोन महिने केलात तर नोंद मंजूर होऊन बसेल.

माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली आला. दहा रुपयांत कुणालाही कचेरीकडून माहिती मागता येते आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. तरी पुष्कळांचे अर्ज कोरडे परत येतात. त्यांनी लिहिलेले असते, ‘माझे विहिरीचे अनुदान का अडवले?’ कचेरीत जे कागदावर आहे तेच या कायद्याने मिळते. साहेबाच्या मनातले कारण मिळत नाही. त्याऐवजी ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत केलेल्या टिपण्या व शेऱ्यांच्या प्रती द्याव्यात’ असे मागा. अडवणारा कोण आणि कशासाठी, हे त्या शेऱ्यांतूनच बहुधा कळते. आपल्या राज्यात या अर्जाला एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द अशी मर्यादा आहे. लोक तिच्यावर चिडतात, पण मला तरी ती बरी वाटते. पाल्हाळ आपोआप गळून पडते.

आता माय-भगिनींसाठी. सही हेही लिहिणेच आहे. माहेरी जाल, भाऊ म्हणेल, ‘ताई, वारसाच्या कागदावर एवढी सही कर.’ कागद वारस नोंदीचा आहे की हक्कसोडपत्राचा, हे आधी वाचून घ्या. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तो खुशीने सोडायचा असेल तर तुमची मर्जी. पण हक्कसोडपत्र एकदा नोंदले गेले की ‘मला समजले नव्हते’ हे सांगायला कोर्टाची पायरी चढावी लागते. कोऱ्या कागदावर तर सख्ख्या भावालाही सही देऊ नये. त्याने भाऊ दुरावत असेल तर दुरावू द्या.

अर्ज लिहून झाला की रात्री जेवणानंतर शाळेत जाणाऱ्या पोरीला मोठ्याने वाचायला लावा. जिथे ती अडखळेल आणि आजी ‘म्हणजे काय गं?’ म्हणेल, तिथे खोडा आणि सोपे करा. सकाळी दोन प्रती घेऊन जा. एक आवक बारनिशीत द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घालून घ्या, आणि ती पोच सातबाराच्या पिशवीतच ठेवा.