वच्छोमी : वाशीमच्या नावाची रीती

राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’ या प्राकृत सट्टकात (म्हणजे नाटकात) पहिल्याच श्लोकात तीन काव्यरीतींचे स्मरण आहे : वच्छोमी, मागधी, पांचाली. यांतली पहिली म्हणजे एरवीची वैदर्भी. सगळा विदर्भ सोडून राजशेखराने वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, का निवडले? शब्दाची घडण तर सरळ आहे. प्राकृतात ‘त्स’चा ‘च्छ’ होतो, दोन स्वरांमधला ‘ग’ गळतो आणि ‘ल्म’चा ‘म्म’ होतो. अशी वत्सगुल्माची वच्छोमपर्यंत झीज झाली. पुढे मराठीत ‘च्छ’चा ‘स’ होतो, ‘इ’पाशी ‘श’. मत्स्याचा मासा झाला आणि मक्षिकेची माशी, तसे वत्सरूपाचे वासरू झाले नि वत्सगुल्माचे वाशीम. वासरू आणि वाशीम अशी एका दावणीची! स्थळमाहात्म्यातला वत्स ऋषी काय, किंवा कामसूत्राच्या ‘जयमंगला’ टीकेतले वत्स आणि गुल्म हे राजपुत्र भाऊ काय, दोन्ही कथा नावावरून मागाहून रचल्यासारख्या वाटतात.

माझ्या मते नावामागे प्रांत नाही, दरबार आहे. चौथ्या शतकात वाकाटकांची एक शाखा येथून राज्य करी. तिचा संस्थापक सर्वसेन स्वतः कवी. पारिजातहरणावरचे त्याचे ‘हरिविजय’ हे काव्य प्राकृतात होते. आज ते अखंड मिळत नाही. पण रसासाठी मूळ कथेत बदल कसा करावा, हे सांगताना काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने कालिदासाच्या जोडीला सर्वसेनाचे नाव घेतले. सर्वसेनाच्या मुलाचा, दुसऱ्या विंध्यशक्तीचा, ३७व्या राज्यवर्षातला ताम्रपट १९३९ साली वाशीमलाच सापडला. त्यात वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा व्यवहार प्राकृतात. पूर्वजांचा मान संस्कृताला, कामकाज प्राकृतात, असा हा दरबार होता.

राजशेखर प्रांताच्या अभिमानापोटी बोलला, असे कुणी म्हणेल. त्याचा पणजोबा अकालजलद महाराष्ट्राचे भूषण म्हणवला जाई, हे खरेच. पण राजशेखर कनौजच्या प्रतीहारांच्या आश्रयाला होता आणि वाकाटक लयाला जाऊन चारशे वर्षे उलटली होती; वत्सगुल्माची स्तुती करून पदरात काय पडणार? तरी ‘काव्यमीमांसे’त सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष देशोदेशी हिंडून अखेर साहित्यविद्येशी गांधर्व विवाह करतो तो वत्सगुल्मातच. राजधानी गेली तरी तिचे नाव भाषेत उरते. चीनमध्ये चाओ राज्याची राजधानी हानदान इथली चाल शिकायला गेलेला तरुण ती तर शिकला नाहीच, स्वतःची चालही विसरला आणि रांगत घरी आला. ‘च्वांगझ’ ग्रंथातल्या या गोष्टीचा वाक्प्रचार झाला. चाओ राज्य बुडाले, हानदानची चाल अजून बोलण्यात आहे.

जड आक्षेप काव्यशास्त्रकार कुंतकाचा आहे. रीतींना देशांची नावे देणे त्याला मान्य नाही : देश अनंत, मग रीतीही अनंत होतील. शिवाय मामेबहिणीशी लग्न हा एखाद्या देशाचा रिवाज असू शकतो. काव्य तसे रिवाजाने होत नाही, त्याला प्रतिभा लागते. हा टोला आपल्याकडच्या मामाच्या मुलीला बरोबर लागतो! तर्क बिनतोडच आहे. वऱ्हाडच्या मातीतून सुकुमार शब्द उगवतात असे मीही म्हणत नाही. पण वैदर्भीच्या जागी त्याने मानलेल्या सुकुमार मार्गाचे नमुने द्यायची वेळ आली तेव्हा कुंतकाने नावानिशी दोनच कवी सांगितले : कालिदास आणि वत्सगुल्माचा सर्वसेन.