संगणकाची पोथी उतरवताना

शाळेच्या संगणक कक्षात वीस संगणक आहेत आणि त्या सगळ्यांवर ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजेच कार्यप्रणाली, नव्याने बसवायची आहे. हाताशी एकच पेनड्राइव्ह आणि जोडून आलेल्या दोन सुट्ट्या. हा प्रसंग आपल्यापैकी काही जणांवर येऊन गेला असेल. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि ती जुन्या यंत्रांत बहुधा नसते. त्यामुळे ज्यांच्याकडे जुनी यंत्रे आहेत त्यांना लिनक्ससारखी दुसरी कार्यप्रणाली बसवण्याचा विचार करावाच लागतो.

अशा वेळी एक सोपी युक्ती करता येते. पेनड्राइव्ह घेऊन प्रत्येक यंत्रापुढे तासभर बसण्याऐवजी, कार्यप्रणाली बसवण्यासाठी लागणाऱ्या फाईली आधी प्रत्येक यंत्राच्या हार्ड डिस्कवरच उतरवून ठेवायच्या. मग बसवण्याचे काम वीसही यंत्रांवर एकाच वेळी चालू शकते, आणि पुढे कधी बिघाड झाला तर सामग्री त्या यंत्रातच तयार असते.

युक्ती नवी नाही. १९९५ साली विंडोज ९५ बाजारात आली तेव्हा ती सीडीखेरीज १३ फ्लॉपींच्या संचातही मिळत असे. सगळा ऐवज २२ एमबीहून कमी. पण वीस यंत्रांसाठी हिशेब केला तर फ्लॉपी २६० वेळा आत घालायची आणि बाहेर काढायची. त्यातली अकरावी फ्लॉपी वाचता येत नाही असे कळले की आधीच्या दहांची मेहनत पाण्यात. पुढे विंडोज ९८ आली तेव्हा आम्ही महाविद्यालयात होतो. प्रिंटर जोडला तरी ती सीडी मागायची. म्हणून जाणती मंडळी सीडीवरचे ‘विन९८’ हे फोल्डर सरळ हार्ड डिस्कवर उतरवत आणि तेथूनच ती बसवत. मग सीडी कपाटात राहिली तरी चाले.

आता हे उतरवण्याचे काम हाताने करायचे की संगणकालाच सांगायचे, हा प्रश्न येतो. संगणकाला सांगायचे तर ज्या आज्ञा आपण एकेक करून टंकलिखित केल्या असत्या, त्या क्रमाने एका साध्या मजकुराच्या फाईलीत लिहून ठेवायच्या. या फाईलीला स्क्रिप्ट म्हणतात. विंडोजच्या जगात तिचे जुने नाव बॅच फाईल. नाटकाच्या संहितेशी तिचे साम्य आहे, पण नट वेळ पडली तर पदरचे वाक्य घालून प्रसंग सावरून नेतो. संगणक तसे करत नाही.

आमची स्क्रिप्ट साधारण चार टप्प्यांची असते. पहिल्यात डिस्कपार्ट नावाच्या आज्ञेने डिस्क निवडून तिच्यावरची जुनी विभागणी पुसायची आणि नवे विभाग आखायचे. दुसऱ्यात त्यातला एक लहानसा विभाग, समजा ८ जीबीचा, फाईली ठेवण्याजोगा करायचा, म्हणजे फॉरमॅट करायचा. तिसऱ्यात एक्सकॉपी किंवा रोबोकॉपी वापरून मूळ फोल्डर, त्यातील उपफोल्डर आणि लपवलेल्या फाईलींसह, तेथे उतरवायचे. चौथा टप्पा नवखे लोक हमखास विसरतात, म्हणून त्याबद्दल थोडे अधिक.

सर्व फाईली जशाच्या तशा उतरल्या तरी संगणक त्या डिस्कवरून सुरू होईलच असे नाही. कारण जुन्या पद्धतीच्या यंत्रात वीज सुरू होताच जे वाचले जाते ती फाईल नसतेच. डिस्कच्या अगदी सुरुवातीचे ५१२ बाइट वाचले जातात. त्यांतले पहिले ४४६ बाइट म्हणजे एक चिमुकली आज्ञावली, पुढचे ६४ बाइट म्हणजे डिस्कच्या विभागांचा तक्ता, आणि शेवटचे दोन म्हणजे ‘येथे वाचण्याजोगे काही आहे’ असे सांगणारी खूण. तक्त्यात एकेका विभागाची नोंद १६ बाइटांची असते; ६४ ला १६ ने भागले की चार येतात. म्हणून जुन्या डिस्कवर मुख्य विभाग चारच करता येत. हे ५१२ बाइट कोणत्याही फोल्डरात दिसत नाहीत, त्यामुळे फाईली उतरवणाऱ्या आज्ञेला ते ठाऊकच नसतात. पोथीची पाने उतरवली, पण पोथी कोठून उघडायची हे सांगितलेच नाही, असा प्रकार होतो. चौथ्या टप्प्यात ही सुरुवातीची जागा वेगळ्या आज्ञेने लिहावी लागते आणि सुरू होण्याचा विभाग ‘सक्रिय’ आहे अशी खूण तक्त्यात करावी लागते.

याला दुसरा मार्ग म्हणजे फाईलींचा विचारच सोडून द्यायचा आणि पहिल्या बाइटापासून शेवटच्यापर्यंत सारे काही जसेच्या तसे उतरवायचे. पोथीच्या पानावर चिकटलेली मेलेली माशी पाहून नक्कल करणाऱ्याने आपल्या पानावरही एक माशी मारून चिकटवली, ही ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ची गोष्ट सर्वांना माहीत आहे. लिनक्समधील डीडी ही आज्ञा तशीच वागते. ती सुरुवातीचे ५१२ बाइट उतरवते, रिकामी जागाही उतरवते, आणि मूळ डिस्कवर एखादी चूक असेल तर तीही.

नव्या यंत्रांत, ज्यांत यूईएफआय पद्धत असते, सुरुवात सोपी झाली आहे. ही यंत्रे फॅट३२ पद्धतीने आखलेला विभाग स्वतः वाचू शकतात आणि त्यात ठरलेल्या जागी ठरलेल्या नावाची फाईल शोधतात. म्हणजे तेथे फाईली नीट उतरवल्या की बहुधा काम होते. पण एक अडचण गेली की दुसरी उभी राहते. फॅट३२ मध्ये प्रत्येक फाईलीचा आकार लिहून ठेवायला चार बाइट, म्हणजे ३२ बिट, एवढीच जागा आहे. ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. याहून एका बाइटाने मोठी फाईल असेल तरी तिचा आकार लिहिता येत नाही, आणि म्हणून ती ठेवताही येत नाही. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत जवळजवळ सारी सामग्री ‘इन्स्टॉल डॉट विम’ या एकाच फाईलीत गुंडाळलेली असते आणि ती बरेचदा ही मर्यादा ओलांडते. उपाय आहे: डिझम या आज्ञेने तिचे तुकडे करायचे, बसवणारी आज्ञावली तुकडेही ओळखते. बिटांची संख्या आणि संख्येची मर्यादा यांचा संबंध आठवी-नववीच्या वर्गात शिकवताना याहून चांगले उदाहरण आम्हांला तरी मिळालेले नाही.

समजा हे आपल्याला ठाऊक नव्हते आणि स्क्रिप्टही भोळी होती. मोठी फाईल मावली नाही, आज्ञेने तशी एक ओळ पडद्यावर दाखवली, पुढच्या शेकडो ओळींबरोबर ती वर सरकून गेली, आणि शेवटी स्क्रिप्टने ऐटीत लिहिले, ‘काम पूर्ण झाले’. ते वाक्य आपणच लिहून ठेवलेले असते. संगणकाने ते फक्त वाचून दाखवले. म्हणून प्रत्येक आज्ञा संपताना ती मागे जो एक आकडा ठेवून जाते, तो पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही असे स्क्रिप्टमध्ये लिहावे लागते. शून्य म्हणजे ठीक, बाकी काहीही म्हणजे चूक, असा सर्वसाधारण संकेत आहे. रोबोकॉपी मात्र यालाही अपवाद. फाईली व्यवस्थित उतरल्या की ती १ हा आकडा देते, आणि खरी चूक ८ पासून पुढे सुरू होते. संकेतावर विसंबून आम्ही एकदा सगळे सुरळीत चाललेले असताना अर्धा दिवस चूक शोधत बसलो होतो.

पण तो अर्धा दिवस परवडला असे म्हणावे लागेल, असा एक प्रसंग आमच्या प्रयोगशाळेत २०१३ साली घडला. दहा जुन्या संगणकांवर विंडोज ७ बसवायची होती. त्यांच्या हार्ड डिस्क काढून, एकामागून एक तारेने एका यंत्राला जोडायच्या आणि स्क्रिप्ट चालवायची, असे ठरले. जोडलेली डिस्क ‘डिस्क १’ या क्रमांकाने दिसत होती, म्हणून स्क्रिप्टमध्ये तोच क्रमांक लिहिला. सहा डिस्क झाल्या. दुपारी चहाच्या वेळी एका सहकाऱ्याने आपल्या नोंदी काढण्यासाठी स्वतःची बाहेरची डिस्क त्याच यंत्राला जोडली आणि यंत्र पुन्हा सुरू केले. आता ‘डिस्क १’ ती झाली होती. आम्ही परत आलो, सातवी डिस्क जोडली आणि स्क्रिप्ट चालवली. तिने सांगितल्याप्रमाणे डिस्क १ पुसली, नवे विभाग आखले आणि विंडोज ७ च्या फाईली त्यावर उतरवल्या. कोठेही चूक आली नाही. सगळे आकडे शून्य होते.

त्या डिस्कवर वर्णपटमापकाच्या तीन महिन्यांच्या नोंदी होत्या आणि त्यांची दुसरी प्रत नव्हती.

येथे पुसणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासारखे आहे. डिस्कपार्टची ‘क्लीन’ ही आज्ञा सगळी डिस्क पुसत नाही, फक्त विभागांचा तक्ता पुसते. अनुक्रमणिकेचे पान फाडल्यासारखे. मजकूर मागे तसाच असतो. आम्ही तेथेच थांबलो असतो तर जवळजवळ सर्व परत मिळाले असते. पण स्क्रिप्ट थांबली नव्हती. तिने पुढे जाऊन सुमारे ३ जीबी नवा मजकूर लिहिला होता आणि तेवढ्या जागेतले जुने कायमचे गेले. उरलेल्या नोंदी खास आज्ञावली वापरून आठवडाभरात बाहेर काढल्या, पण त्यांची नावे आणि तारखा राहिल्या नव्हत्या. कोणती नोंद कोणत्या नमुन्याची, हे सहकाऱ्याने आपल्या कागदी वहीवरून एकेक करून ताडून पाहिले. काही मापने पुन्हा घ्यावी लागली. तो आम्हांला फारसे बोलला नाही, त्याने जास्तच वाईट वाटले.

क्रमांक ही डिस्कची ओळख नव्हे. रांगेतली जागा आहे. वर्गात हजेरी घेताना बाकाच्या क्रमांकावरून ‘उपस्थित’ लिहिले तर जे होईल तेच येथे झाले. लिनक्समध्येही डिस्कांना एसडीए, एसडीबी अशी नावे मिळतात, ती यंत्राला त्या कोणत्या क्रमाने सापडल्या त्यावरून. म्हणून तेथे उत्पादकाने दिलेल्या अनुक्रमांकावरून डिस्क ओळखण्याची वेगळी सोय ठेवलेली आहे. तेव्हापासून आमची स्क्रिप्ट आधी डिस्कचा अनुक्रमांक आणि आकार वाचते, तिच्यावर आधीचे विभाग असतील तर दाखवते, आणि अनुक्रमांकाची शेवटची चार अक्षरे माणसाने स्वतः टंकलिखित केल्याशिवाय काही करत नाही. ‘होय’साठी नुसते एक बटण दाबायला सांगणे पुरेसे नाही. सातव्या वेळेला बोट आपोआपच होय दाबते.

आता शेवटचा भाग, प्रत खरी उतरली की नाही हे पाहण्याचा. फाईलींची संख्या आणि आकार जुळणे पुरेसे नाही. मधले एखादे अक्षर बदलले तरी दोन्ही तसेच राहतात. त्यासाठी फाईलीतील सर्व बाइटांवर एक ठरलेले गणित करून त्यातून एक छोटी खूण काढतात. एसएचए-२५६ या पद्धतीत ही खूण २५६ बिटांची असते आणि ६४ चिन्हांत लिहितात. मूळ फाईलीत एकच बिट बदलला तर खुणेतील सुमारे निम्मे बिट बदलतात. विद्यार्थ्यांना हे दाखवणे अगदी सोपे आहे. एका फाईलीत कवितेच्या चार ओळी लिहायला सांगा, विंडोजमधील सर्टयुटिल किंवा लिनक्समधील एसएचए२५६सम या आज्ञेने खूण काढून फळ्यावर लिहा, मग एक वेलांटी बदलून पुन्हा काढा. एक पथ्य मात्र पाळावे: पेनड्राइव्हवर प्रत केल्याबरोबर तपासली तर संगणक डिस्कवरचे न वाचता स्मृतीत शिल्लक असलेलेच वाचून दाखवण्याचा संभव असतो. डिस्क काढून पुन्हा जोडावी किंवा यंत्र पुन्हा सुरू करावे, मग तपासावे.

गेल्या हिवाळ्यात एका खेड्यातल्या शाळेत आम्ही याच रीतीने लिनक्सच्या फाईली जुन्या यंत्रांवर उतरवल्या. एक सोडून सर्व यंत्रांवर खूण जुळली. त्या एकावर जुळेना. यंत्र पुन्हा सुरू करून तपासले तर तिसरीच खूण आली, आणखी एकदा केले तर चौथी. तेथील विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, ‘‘अहो, डिस्कवर चुकीचे लिहिले गेले असेल तर उत्तर चुकीचे येईल, पण दर वेळी तेच यायला हवे ना?’’ बाईंचा मुद्दा बिनतोड होता. लिहिलेले स्थिर असून वाचलेले बदलत होते, तेव्हा संशय डिस्कवरून स्मृतीवर गेला. यंत्रात स्मृतीच्या दोन पट्ट्या होत्या. एक काढली, खूण लगेच जुळली. ती पुन्हा बसवून दुसरी काढली, खूण बिघडली. बाईंनी काढलेल्या पहिल्या पट्टीवर कागद चिकटवून ‘खराब’ असे लिहिले आणि ती नववीच्या वर्गात दाखवण्यासाठी ठेवून घेतली.