गोळी का कडाडते?

माण तालुक्यातल्या दहिवडीला बहिणीकडे गेलो होतो. रात्री टीव्हीवर मारामारीचा सिनेमा लागला होता. खलनायकाने कोटातून पिस्तूल काढले, नळीला एक लांबट डबी फिरवून बसवली आणि फुस्स! समोरचा माणूस खाली. शेजारच्या खोलीतल्या पहारेकऱ्याला पत्ताही नाही.

"मामा, खरंच एवढाच आवाज येतो का ओ?" आठवीतल्या भाच्याने विचारले.

"नाही," मी म्हटले, "आणि का नाही, ते तुला उद्या बाजारात ऐकवतो."

दुसऱ्या दिवशी नशिबाने बाजारात पोतराज आला होता. ढोलकी गुबुगुबु वाजत होती. त्याने वाखाचा जाड आसूड डोक्यावर गरगर फिरवला आणि हवेत झटकला. कडाड! दोन पोरे दचकून मागे सरली. दोस्तांनो, तो आसूड कुणाच्या अंगाला लागला नव्हता, जमिनीवरही आपटला नव्हता. मग वाजले काय?

वाजली हवा. आसूड मुठीपाशी जाड आणि शेवटाला बारीक असतो. हाताने दिलेला झटका जाडीकडून बारकाईकडे जातो, तसा त्याचा वेग वाढत जातो. अगदी टोकाशी तो ध्वनीच्या वेगापेक्षाही जास्त होतो. ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. त्याच्याही पुढे एखादी वस्तू पळाली, की समोरच्या हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. ती दाबली जाते आणि त्या दाबाची लाट आपल्या कानावर आदळते. म्हसवडजवळच्या राजेवाडीच्या तलावात पोहणाऱ्या बदकामागे पाण्यावर दोन तिरप्या रेघा उमटतात ना? तशाच रेघा, पण हवेत. बंदुकीच्या गोळीभोवतीच्या अशा लाटांची छायाचित्रे अर्न्स्ट माख आणि पेटर साल्खर या ऑस्ट्रियातल्या शास्त्रज्ञांनी 1887 साली प्रसिद्ध केली. विमानाचा वेग सांगताना आपण 'माख 1', 'माख 2' म्हणतो, तो हाच माख.

आता बंदुकीकडे येऊ. बार उडतो तेव्हा आवाज दोन होतात, आणि सगळी गंमत इथेच आहे. काडतुसातली दारू क्षणात जळते आणि तिचा तापलेला वायू गोळीमागून नळीच्या तोंडाशी भसकन बाहेर पडतो, हा पहिला. दुसरा गोळीचा स्वतःचा. ती ध्वनीपेक्षा जोरात जात असेल, तर वाटभर आसुडासारखी कडाडत जाते.

सायलेन्सर फक्त पहिल्या आवाजाचा बंदोबस्त करतो. मोटारसायकलच्या सायलेन्सरसारखेच त्याच्या पोटात कप्पे असतात. वायू त्यांत फिरतो, पसरतो, थोडा निवतो आणि मग हळू बाहेर येतो. हा सायलेन्सर बाजारात आणला अमेरिकेच्या हायरम पर्सी मॅक्सिम यांनी. त्याचे पेटंट त्यांना 1909 साली मिळाले. त्यांचे वडील म्हणजे मॅक्सिम मशीनगन शोधणारे हायरम मॅक्सिम! बंदुकांच्या चाचण्या घेता घेता या वडिलांचे कान गेले होते. बापाने जगाला कानठळ्या बसवल्या आणि मुलाने त्या आवाजाला बूच मारायला घेतले, असे घराणे विरळाच.

पण बूच पुरते बसत नाही. मोठ्या बंदुकीचा बार जवळून 160 डेसिबलच्या आसपास असतो. सायलेन्सर त्यातले 20 ते 35 डेसिबल खातो. उरलेला आवाजसुद्धा चांगला फटाक्यासारखा. सिनेमातले फुस्स हे स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रकाचे काम!

आणि दुसऱ्या आवाजाचे काय? तो नळीत होतच नाही, वाटेवर होतो. तिथे डबी काय करणार? त्याला उपाय एकच. गोळीच अशी निवडायची, की तिचा वेग ध्वनीच्या आत राहील. ज्वारीच्या राखणीला गोफण फिरवलेल्यांना हे चटकन कळेल. गोफणीतून सुटलेला धोंडा सूं करत जातो, कडाडत नाही. पण वेग घटला की गोळीचा जोरही घटतो. म्हणून लष्करी बंदुकांच्या अशा संथ काडतुसांत बहुधा वजनदार गोळी घालतात. आपल्याकडे हा सगळा मामला सैन्य-पोलिसांचा. 1959 च्या शस्त्र कायद्यात आवाज दाबणारा जोडभागसुद्धा बंदुकीतच मोजला आहे.

मात्र ध्वनीच्या आतली गोळी निवडणारे आणखीही काही लोक आहेत. त्यांना आवाजाशी देणेघेणे नाही, त्यांना पदक हवे असते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे आठवतो? 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. गुडघा टेकून, पालथे पडून आणि उभे राहून नेम धरायचा, असा हा खेळ. 1952 साली आपल्या सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य आणले, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने वैयक्तिक पदक मिळवायला 72 वर्षे लागली. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने 2010 साली म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवले होते.

या खेळातले लक्ष्य 50 मीटरवर असते आणि त्यातले दहा गुणांचे वर्तुळ 10.4 मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे! गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. ती ध्वनीपेक्षा वेगाने सुटली, तर हवेच्या अडथळ्याने वाटेतच मंदावते आणि ध्वनीचा वेग ओलांडून खाली येताना तिला हिसके बसतात. रस्ता खडबडीत झाला की सायकल डगमगते, तशी. मग बटण कुठे आणि गोळी कुठे! म्हणून या खेळाची काडतुसे मुळातच संथ बनवतात, सेकंदाला 320-330 मीटरच्या आसपास.

एवढ्यावर भागत नाही. भज्यांचा एक घाणा कुरकुरीत निघतो, दुसरा मऊ पडतो. काडतुसांचेही तसेच. एकाच कारखान्याचे, एकाच नावाचे, पण घाणा वेगळा की चाल वेगळी. त्यात प्रत्येक रायफलच्या नळीचा स्वभाव निराळा! म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल चाचणीच्या जागी घेऊन जातात, ती शिकंजात घट्ट आवळतात आणि वेगवेगळ्या घाण्यांच्या गोळ्या झाडून बघतात. ज्या घाण्याची भोके सर्वांत दाटीने पडतात, त्याचीच खोकी घ्यायची. मला तर हे धान्याचे बी निवडण्यासारखेच वाटते, शेजाऱ्याच्या रानात उगवले म्हणून आपल्या रानात येईलच असे नाही.

भाचा मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, "पण मामा, ध्वनीचा वेग सारखाच असतो का ओ?"

शाबास! नसतो. हवा तापली की तो वाढतो, एका अंशाला साधारण 0.6 मीटर. माणमधल्या थंडीतल्या पहाटे 10 अंश असताना तो 337 मीटर, तर मे महिन्याच्या दुपारी 40 अंशांना 355 मीटर. म्हणजे सेकंदाला 345 मीटर जाणारी गोळी पौषात कडाडेल आणि वैशाखात तिचा तो आवाज येणार नाही!

हा वेग तुम्हीही पकडू शकता, बंदूक नको. शाळेच्या मैदानापेक्षा मोठे मोकळे माळरान गाठा. मित्राला 170 मीटरवर उभे करा आणि थाळी बडवायला सांगा. हात आधी दिसेल आणि ठण्ण मागून, अर्ध्या सेकंदाने येईल. आम्ही दहिवडीच्या माळावर केले. पहिल्या खेपेला फसलो, कारण भाचा थाळी बडवतानाच तोंडानेही "ठण्ण" ओरडत होता.