प्रकल्प व्यवस्थापनाची परीक्षा : तयारी कामाच्या क्रमाची

परभणी जिल्ह्यातील बांधकामाचे वर्ष पंचांगातील वर्षाहून आखूड असते. काळी, भारी जमीन पावसाळ्यात फुगते, चिकट होते आणि वाहनांना वाट देत नाही. खरिपाचा भर ओसरून जमीन वाळल्यानंतर पुढच्या मृगापर्यंत जो अवधी मिळतो, त्यातच बंधारा, रस्ता, शाळाखोली, पाणीपुरवठा योजना ही सारी कामे उरकावी लागतात. या अवधीत पंधरा दिवसांची चूक झाली तर तिची किंमत पुष्कळदा पंधरा दिवसांची राहत नाही, ती एका हंगामाची होते. कोणते काम आधी, कोणते नंतर आणि कोणते एकाच वेळी करावे, याचा शास्त्रशुद्ध विचार करणारी विद्या म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन होय. या विद्येची आता लेखी परीक्षा घेतली जाते. जिल्ह्यातील अभियंते, पदविकाधारक तरुण व कर्मचारी यांनी तिची तयारी कशी करावी, याचा विचार येथे केला आहे.

विद्येचा उगम आणि परीक्षा

कामे व दिवस आडव्या पट्ट्यांनी दाखविणारा तक्ता हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रूढ केला. १९५७ च्या सुमारास ड्यू पाँ या रसायन कंपनीत ‘क्रिटिकल पाथ’ म्हणजे निर्णायक मार्गाची पद्धती आकारास आली. १९५८ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी ‘पर्ट’ ही पद्धती तयार केली. १९६९ मध्ये अमेरिकेत प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली आणि तिने १९८४ पासून ‘पीएमपी’ ही पात्रता परीक्षा घेण्यास प्रारंभ केला.

भारतातही या विषयाला परीक्षेत स्थान मिळाले आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेची रचना २०१७ मध्ये बदलली. त्या वेळी पूर्वपरीक्षेच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेतील दहा विषयांमध्ये प्रकल्प व्यवस्थापनाच्या मूलतत्त्वांचा समावेश झाला. स्थापत्य शाखेच्या अभ्यासक्रमात तर निर्णायक मार्ग व पर्ट हे जुनेच विषय आहेत. म्हणून हा अभ्यास केवळ मोठ्या शहरांतील कंपन्यांत नोकरी करू इच्छिणाऱ्यांचा आहे, असा समज करून घेण्याचे कारण नाही.

जिल्हा हीच प्रयोगशाळा

परभणीच्या विद्यार्थ्याला उदाहरणांसाठी परदेशी पुस्तकांकडे जावे लागत नाही. जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि धरणाचे उद्‌घाटन २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. या धरणाचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा परभणी जिल्ह्यापर्यंत येतो. धरण बांधून झाले तरी मुख्य कालवा, वितरिका, लघुवितरिका आणि शेतचारी ही साखळी पुरी झाल्याखेरीज शेवटच्या शेतात पाणी पोहोचत नाही. एक कडी मागे राहिली, की तिच्या पुढच्या सर्व कड्या थांबतात. कामांचे हे परस्परावलंबन हाच परीक्षेतील पहिला धडा आहे.

दुसरा धडा रोजगार हमी योजनेचा. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने ही योजना व्यापक प्रमाणावर राबविली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मजुराने काम मागितल्यावर आराखडा करायला बसणे परवडत नाही. त्यासाठी कामांची यादी व अंदाजपत्रके आधीच तयार हवीत. आधी आराखडा आणि मग अंमलबजावणी, हे तत्त्व त्या योजनेने गावोगावी नेले.

एका शाळाखोलीचे गणित

निर्णायक मार्ग समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एका ग्रामपंचायतीला शाळेची एक खोली बांधावयाची आहे. पायाची खोदाई ८ दिवसांचे काम, दगड-विटा-वाळू आणण्यास १० दिवस, दारे-खिडक्यांच्या चौकटी करवून घेण्यास २० दिवस आणि छतासाठी सळई आणण्यास १५ दिवस लागतात. ही चारही कामे पहिल्याच दिवशी सुरू करता येतात. खोदाई व साहित्य दोन्ही पूर्ण झाल्यावर पायाचे बांधकाम १२ दिवस चालते. पाया व चौकटी तयार झाल्यावर भिंतींना १८ दिवस लागतात. भिंती उभ्या राहून सळई आली, की छत ओतणे व त्यावर पाणी मारणे यांना २१ दिवस, आणि शेवटी गिलावा, फरशी व रंगास १६ दिवस. सोपेपणासाठी सर्व दिवस कामाचे धरले आहेत.

ही सर्व कामे एकापुढे एक मांडून बेरीज केली तर १२० दिवस होतात. परंतु काही कामे एकाच वेळी चालतात, म्हणून ती बेरीज निरर्थक आहे. साहित्य, पाया, भिंती, छत आणि गिलावा ही सर्वांत लांब साखळी १०, १२, १८, २१ व १६ मिळून ७७ दिवसांची होते. हाच निर्णायक मार्ग. १६ मार्चला काम सुरू झाले तर १५ मे रोजी छत व ३१ मे रोजी खोली पूर्ण होते. तेच काम १ एप्रिलला सुरू झाले तर १६ जून उजाडतो आणि शाळा उघडण्याची वेळ येते. एप्रिलच्या अखेरीस सुरू केले तर छताचे काम ऐन पावसात सापडते.

आता ‘सवड’ म्हणजे काय ते पाहावे. चौकटी विसाव्या दिवशी तयार होतात आणि त्यांची गरज बावीस दिवस संपल्यावर लागते. सुताराला २ दिवसांची सवड आहे. खोदाईलाही तितकीच. सळईची गरज ४० दिवसांनंतर असल्याने तिला २५ दिवसांची सवड आहे. वाळूला मात्र सवड नाही. वाळू पाच दिवस उशिरा आली तर खोली पाच दिवस लांबते. सुतार पाच दिवस चुकला तर खोली तीनच दिवस लांबते. सळई लवकर यावी म्हणून जादा वाहतूकखर्च केला तर खोली एक दिवसही लवकर होत नाही. घाई कोठे करावी आणि कोठे करू नये, हे आकृतीवरून असे स्पष्ट होते. परीक्षेत याच स्वरूपाची आकृती देऊन एकूण कालावधी व सवड विचारतात.

कालावधी निश्चित सांगता येत नसेल तेव्हा पर्ट पद्धती उपयोगी पडते. वाळू सर्व काही सुरळीत झाल्यास ६ दिवसांत, बहुधा ९ दिवसांत आणि अडचणी आल्यास १८ दिवसांत येईल, असे समजा. मधल्या अंदाजाची चौपट करून त्यात दोन्ही टोके मिळवावीत आणि बेरजेला सहाने भागावे. ६, ३६ व १८ मिळून ६० आणि त्याचा सहावा हिस्सा १०. वरच्या हिशेबात वाळूला १० दिवस धरले ते याच रीतीने.

खर्च झाला म्हणजे काम झाले नव्हे

परीक्षेतील दुसरा महत्त्वाचा भाग ‘अर्जित मूल्या’चा आहे. खोलीचे अंदाजपत्रक ६ लाख रुपयांचे आहे आणि चाळिसाव्या दिवशी निम्मे, म्हणजे ३ लाखांचे काम व्हावयास हवे होते, असे धरू. प्रत्यक्षात काम ४० टक्के, म्हणजे २ लाख ४० हजारांचे झाले आणि खर्च २ लाख ७० हजार झाला. प्रगती अहवालात नुसता खर्च दाखविला तर प्रगती ४५ टक्के दिसते. झालेल्या कामाच्या मूल्याला नियोजित मूल्याने भागले, तर ०.८ येते, म्हणजे काम वेळेच्या मागे आहे. त्याच मूल्याला खर्चाने भागले, तर सुमारे ०.८९ येते, म्हणजे काम महागातही पडत आहे. हाच वेग राहिला तर खोली ६ लाखांऐवजी ६ लाख ७५ हजारांना पडेल. ही सूचना काम निम्मे होण्यापूर्वीच मिळते आणि तेव्हा उपाय करणे शक्य असते, हे या पद्धतीचे खरे मोल आहे.

प्रसंगाधारित प्रश्न

अनुभवी कर्मचारी गणितापेक्षा प्रसंगाधारित प्रश्नांत अधिक चुकतात. पाया झाल्यावर ग्रामस्थांनी खोलीचे दार दुसऱ्या बाजूस करण्याची मागणी केली, तर व्यवस्थापकाने प्रथम काय करावे? कार्यालयीन सवयीने ‘वरिष्ठांना कळवावे’ हे उत्तर सुचते. लोकाग्रहाच्या भिडेने ‘लगेच बदल करावा’ असेही वाटते. परीक्षेला अपेक्षित उत्तर बहुधा यांहून वेगळे असते : मागणीमागील कारण समजून घ्यावे, बदलाचा वेळ, खर्च व दर्जा यांवरील परिणाम काढावा आणि नंतर सक्षम अधिकाऱ्याची रीतसर मंजुरी घ्यावी. वरिष्ठांकडे प्रश्न न्यावयाचाच, पण तो अभ्यासासह न्यावयाचा, हा त्यातील भेद आहे.

वेळ आणि गुण

पीएमपी परीक्षेच्या २०२१ मध्ये अमलात आलेल्या आराखड्यात १८० प्रश्नांसाठी २३० मिनिटे होती, म्हणजे एका प्रश्नास सुमारे ७७ सेकंद. तिच्यात चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. अभियांत्रिकी सेवा पूर्वपरीक्षेच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत मात्र चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एकतृतीयांश गुण वजा होतात. चार पर्यायांपैकी एक डोळे मिटून निवडला तर सरासरीने लाभही नाही आणि हानीही नाही. एक पर्याय निश्चित खोडता आला, तरच अंदाज लाभाचा ठरतो. परीक्षांचे स्वरूप व पात्रतेच्या अटी वेळोवेळी बदलतात. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची अधिकृत माहितीपुस्तिका पाहणे आवश्यक आहे.

तयारीची रीत

उमेदवाराने आपली तयारी हाच एक प्रकल्प समजावा. परीक्षेचा दिवस निश्चित करून तेथून मागे मोजावे. बारा आठवडे हाती असतील तर पहिले पाच मूळ संकल्पनांना, पुढचे तीन गणितांना व आकृत्यांना आणि उरलेले चार घड्याळ लावून सोडविलेल्या सराव प्रश्नपत्रिकांना द्यावेत. शेवटचे आठवडे नव्या वाचनात घालवू नयेत. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे चूक माहितीची, गणिताची की प्रश्न नीट न वाचल्याची, याची नोंद करावी. कोणत्या विषयाला आणखी वेळ द्यावा, हे त्या नोंदीवरून समजते.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांना इंग्रजी प्रश्नपत्रिकेची धास्ती वाटते. त्यांनी एक वही करून प्रत्येक इंग्रजी संज्ञेसमोर मराठी अर्थ आणि गावातील एक उदाहरण लिहावे. ‘फ्लोट’ म्हणजे सुताराचे दोन दिवस, असे एकदा मनात बसले की व्याख्या पाठ करावी लागत नाही.

शिक्षकांना या कामी मोठे साहाय्य करता येईल. स्नेहसंमेलनाची कामे फळ्यावर मांडून त्यांतील सर्वांत लांब साखळी शोधण्यास सांगितले, तर आठवीचा विद्यार्थीही ती शोधू शकतो. पंचायत सदस्यांनी मंजूर कामाची अशी आकृती ग्रामपंचायत कार्यालयाच्या भिंतीवर लावली, तर ‘काम का थांबले’ या प्रश्नाचे उत्तर ग्रामसभेत बोट ठेवून दाखविता येईल. परीक्षेचे प्रमाणपत्र एका उमेदवाराला मिळते. तिच्यासाठी केलेला अभ्यास जर या भिंतीपर्यंत पोहोचला, तर वाळू वेळेवर मागविली जाईल, छत पावसापूर्वी पडेल आणि जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा मुले नव्या खोलीत बसलेली असतील.